थकबाकी सोडून द्या: निर्बंधांनंतर बागेत आणि माणसांत परतताना

कोविडच्या साथीचे निर्बंध उठले तो दिवस सगळीकडे एकच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं ३० जानेवारी २०२० ला जाहीर केलेली जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ ला संपल्याचं सांगितलं, पण घरांची दारं त्याच्या आधी किंवा नंतर, ज्याच्या त्याच्या वेळेनं उघडली. काहींची अजून पुरती उघडलेली नाहीत. कुणाच्या घरात वयस्कर माणूस आहे, कुणाचा आजार गेला पण थकवा गेला नाही, कुणाची गर्दीत वावरायची सवयच मोडली. अशा माणसांकडून मी एक वाक्य वारंवार ऐकते: "बाग परत सुरू करायचीय, पण नेमकी कुठून करू तेच कळत नाही."

मी स्वतः सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती. बऱ्याच महिन्यांनी एक मोकळा दिवस मिळाला आणि मी नऊ कुंड्या एका दमात उपसल्या. माती बदलली, वाळलेलं दिसलं ते सगळं छाटून टाकलं. संध्याकाळी बाग लख्ख दिसत होती. दुसऱ्या दिवशी मला अंथरुणातून उठवेना. पुढचे तीन दिवस त्या नऊ कुंड्यांना पाणी घालायलाही मी गेले नाही, आणि मुळं नुकती हललेली असल्यामुळे त्यातली दोन रोपं गेली. त्या तीन दिवसांत एक गोष्ट मनाशी पक्की झाली, ती म्हणजे राहिलेलं भरून काढायचं नाही. गेलेले हंगाम, न घातलेलं खत, न झालेल्या भेटी यांची थकबाकी कुणीही मागायला येणार नाही. आज समोर जे आहे तिथून पुढे जायचं.

खालच्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत. बागकाम कधीच न केलेल्या माणसालाही त्या चढता येतील. मोठी बाग लागत नाही. खिडकीतल्या तीन कुंड्या असल्या तरी चालेल.

पहिली पायरी: आठवडाभर हात मागे ठेवा

पहिला आठवडा फक्त बघायचा. रोज साधारण एकाच वेळी दहा मिनिटं बागेत, गच्चीत किंवा खिडकीशी बसा. खुरपं जवळ घेऊ नका. ते हातात आलं की माणूस उकरायला लागतोच.

नुसतं बघण्याला काही अर्थ आहे का, असं वाटेल. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. त्या रुग्णांनी झाडांसाठी काहीही केलेलं नव्हतं. ती फक्त त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

तुमच्या बघण्याचा तर आणखी एक उपयोग आहे. ऊन कुठे, किती वेळ येतं ते कळतं. सकाळी, दुपारी आणि दुपार कलल्यावर, असं दिवसातून तीनदा नजर टाका आणि वहीत खूण करा. फुलं-फळं देणाऱ्या बहुतेक झाडांना रोज सहा तास किंवा त्याहून जास्त ऊन लागतं. पालेभाज्यांचं तीन-चार तासांवर भागतं. दोन वर्षांपूर्वी जिथे ऊन यायचं तिथे आज शेजारच्या झाडाची सावली असू शकते, त्यामुळे जुन्या आठवणीवर विसंबू नका.

या आठवड्यात हात लावायचाच असेल तर एकाच कामाला लावा. साचलेलं पाणी ओतून टाका. कुंडीखालच्या थाळ्या, उपडी न ठेवलेल्या बादल्या, ताडपत्रीच्या घड्या, सगळं बघा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की जागी होतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कड घासायलाही हवी. आणि बराच काळ न हललेल्या कुंडीमागे किंवा विटांखाली हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा. अशा जागी कुणी ना कुणी मुक्काम केलेला असतो.

दुसरी पायरी: काय जिवंत आहे ते शोधा

या कामाला घाई केली की पश्चात्ताप होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नाही.

जास्वंद, गुलाब, मोगरा अशा लाकडी खोडाच्या झाडाची एक बारीक फांदी डाव्या हातात धरा. उजव्या अंगठ्याच्या नखानं साल अगदी हलकी खरवडा, तांदळाच्या दाण्याएवढीच. खाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर तिथे जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं आणि वाकवल्यावर फांदी कट्‌कन मोडली, तर तेवढा भाग मेलेला आहे. मग दोन बोटं खाली या आणि पुन्हा खरवडा. पुन्हा तपकिरी? आणखी खाली. माझ्या एका जास्वंदीच्या बाबतीत मी असं करत करत मातीपासून जेमतेम चार बोटांवर पोहोचले, आणि तिथे नखाखाली हिरवी रेघ दिसली. वरचं सगळं कापलं. पाच आठवड्यांनी त्या ठुंठाच्या बाजूनं मोहरीएवढे दोन लालसर कोंब आले.

हिरवं कुठून सुरू होतं ते कळलं की त्याच्या जरा वर, एखाद्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या गाठीच्या, वरच्या बाजूला तिरका काप द्या. मेलेलं कितीही काढा, पण जिवंत भागाचा एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा एका वेळी काढू नका. अशक्त झाडाला पानं हवी असतात, त्यातूनच त्याचं अन्न तयार होतं. कात्री आधी स्पिरिटनं पुसून घ्या. एका झाडाचं काम झालं की दुसऱ्याकडे जाण्याआधी पुन्हा पुसा, नाहीतर रोग आपणच पोहोचवतो.

कंद असलेल्या झाडांचा न्याय वेगळा आहे. लिलीसारख्या कंदांचा वरचा पाला पूर्ण जातो आणि खाली कंद झोपलेला असतो. बोटानं माती बाजूला करून चाचपा. टणक लागला तर तसाच झाकून ठेवा, लिबलिबीत झाला असेल तर काढून टाका.

काहीच कळत नसेल तर कुंडी सावलीत ठेवा, माती जेमतेम ओलसर राहू द्या आणि सहा आठवडे थांबा. आधी फेकू नका. आणि सहा आठवड्यांनी काहीच आलं नाही तर मात्र मन घट्ट करून ती कुंडी रिकामी करा. मेलेल्या झाडाला रोज पाणी घालत राहणं माणसाला आतून खचवतं, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

तिसरी पायरी: रुसलेली माती

बरेच दिवस कोरडी राहिलेली माती पाणी घेत नाही. वरून तांब्याभर पाणी घातलं की क्षणात तळाच्या भोकातून धार लागते आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. कडेला नीट बघा. माती आक्रसून कुंडीपासून सुटलेली असते, त्या फटीतून नखही आत जातं, आणि सगळं पाणी त्या फटीतून खाली पळालेलं असतं. कुंडी उचलली तर तशीच हलकी लागते.

अशी कुंडी लहान असेल तर पाण्यानं भरलेल्या बादलीत काठापर्यंत बुडवा. बुडबुडे यायला लागतील. ते थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, तशीच राहू द्या. मग काढून निथळत ठेवा. आता उचलून बघा आणि हे वजन हाताला लक्षात राहू द्या. यापुढे पाणी कधी घालायचं ते या वजनावरून कळेल. मोठी कुंडी बुडवता येत नाही. तिच्या मातीत पेन्सिलीएवढ्या काडीनं आठ-दहा ठिकाणी भोकं पाडा आणि दहा दहा मिनिटांच्या अंतरानं तीनदा थोडं थोडं पाणी घाला.

जुनी माती फेकून देण्याची गरज बहुतेक वेळा नसते. ती पसरा, ढेकळं फोडा, जुन्या मुळांचा गुंता काढा आणि तीन भाग मातीत एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा. मुळं कुजून झाड गेलं असेल तर ती माती नाजूक रोपांना वापरू नका. मातीवर पांढरा थर दिसत असेल तर तो बहुतेक वेळा साठलेल्या क्षारांचा असतो. वरचा इंचभर थर खरवडून काढा आणि एकदा भरपूर पाणी घालून खाली वाहू द्या.

खताची घाई अजिबात नको. नवीन पानं दिसायला लागल्यावरच खत, आणि तेही सांगितलेल्या मात्रेच्या निम्मं. मुळं दमलेली असताना जोरकस खत घातलं तर ती करपतात.

इथेच जिवाची काळजी घेण्याच्या तीन गोष्टी सांगते. त्या आळस न करता पाळाव्यात. बंद पिशवीतल्या कंपोस्टमध्ये किंवा तयार मातीत लिजिओनेला लाँगबीची नावाचा जिवाणू असू शकतो. त्याची धूळ श्वासातून गेली तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पिशवी मोकळ्या हवेत उघडा, तोंड जवळ नेऊ नका, आतल्या मालावर आधी पाणी शिंपडा आणि मास्क लावा. मास्क घरात पडलेले असतीलच. उन्हात पडून राहिलेल्या पाइपातलं साचलेलं पाणीही आधी लांब धरून वाहू द्या, तुषार नाकाशी येऊ देऊ नका. तिसरी गोष्ट धनुर्वाताची. त्याचे जिवाणू मातीत असतात आणि काट्याची साधी जखमही त्यांना पुरते. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी याची लस घ्यावी असा सल्ला अनेक देशांत दिला जातो. साथीच्या धांदलीत तुमची राहून गेली आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

चौथी पायरी: अंगाचा हिशेब

पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू पहिल्याच आठवड्यापासून उतरू लागतात. घरात बसून काढलेले महिने म्हणजे अगदी अंथरूण नव्हे, पण जिने, चालणं, ओझं उचलणं कमी झालं की अंग ते विसरतं. आणि बागेतली वजनं फसवी असतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे दहा लिटरची झारी दहा किलोंची, आणि आपण ती अंगापासून लांब, हात पसरून धरतो. ओल्या मातीनं भरलेली १२ इंची कुंडी १५ ते २० किलोंपर्यंत सहज जाते. ती वाकून, कंबरेतून वळत उचलली की कंबर धरलीच म्हणून समजा. झारी अर्धीच भरा. मोठी कुंडी उचलू नका, जाड गोणपाटावर घेऊन ओढा. कुंड्या टेबलावर किंवा कट्ट्यावर आणता आल्या तर आणा, म्हणजे बसून काम होईल.

वेळेचं माप म्हणून कामाच्या पहिल्या आठवड्यात दिवसाला पंधरा मिनिटं. घड्याळाचा गजर लावा आणि गजर वाजल्यावर काम अर्धवट असलं तरी उठा. अर्धवट काम टाकून उठणं अवघड जातं, पण नेमकी हीच सवय पुढे वाचवते. दुसऱ्या दिवशी अंग ठीक असेल तर पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं. काम करताना बोलता येतंय का ते बघा. नीट बोलता येतं पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागणं ठीक. वाक्य तुटायला लागलं की खाली बसा.

ज्यांना कोविड होऊन गेल्यावर महिनोन्‌महिने थकवा राहिला आहे त्यांच्यासाठी मात्र 'हळूहळू वाढवत न्या' ही रीत लागू नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्याला कोविडनंतरची अवस्था म्हणते तिची लक्षणं साधारणपणे आजार झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत दिसतात आणि निदान दोन महिने टिकतात. अशा काहींना श्रमांनंतर लगेच नव्हे, तर एक-दोन दिवसांनी एकदम कोसळल्यासारखं होतं. त्यांनी स्वतःला रेटू नये. चांगला वाटणारा दिवस हाच त्यांच्यासाठी धोक्याचा असतो, कारण त्या दिवशी माणूस साठलेली सगळी कामं काढतो. वहीत दोन रकाने करा: आज काय केलं, आणि दोन दिवसांनी कसं वाटलं. दोन-तीन आठवड्यांत आपली मर्यादा स्वतःच्याच अक्षरात दिसते. त्या मर्यादेच्या आत राहा, आणि छातीत दुखणं, धडधड किंवा बसल्या जागी धाप असेल तर बाग बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

वास गेलेल्यांनाही बागेचा उपयोग होऊ शकतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वास घेण्याच्या सरावाची एक पद्धत मांडली. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी या चार वासांचा दिवसातून दोनदा, बारा आठवडे सराव करायचा. त्यांनी अर्क वापरले होते. घरी करताना एकेक वास पंधरा-वीस सेकंद शांतपणे घ्या, आणि घेताना तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचा प्रयत्न करा. सरावाच्या जोडीला लिंबाचं पान चुरगळून, तुळशीची मंजिरी चोळून बघायला काहीच हरकत नाही. पहिले काही आठवडे कदाचित काहीही जाणवणार नाही. तरी चुकवू नका.

पाचवी पायरी: तीन कुंड्या, जास्त नाही

आता लावायचं. तीनच. बाकीच्या रिकाम्या कुंड्या उपड्या करून ठेवा आणि त्यांच्याकडे बघून वाईट वाटून घेऊ नका. तीनपैकी एक पटकन उगवणारं असू द्या, मेथी किंवा मुळ्यासारखं, चार-पाच दिवसांत कोंब दाखवणारं. दुसरं सहजी न मरणारं, मनीप्लांटसारखं. तिसरं तुमच्या मनाला येईल ते.

घरात जुन्या बियांची पाकिटं असतील तर ती लगेच पेरूही नका आणि टाकूही नका. कांद्याचं बी वर्षभरातच क्षीण होतं, मिरचीचं दोनेक वर्षं, टोमॅटोचं चार, काकडी-भोपळ्याचं चार-पाच वर्षं टिकतं, तेही कोरड्या, थंड जागी ठेवलं असेल तर. परीक्षा सोपी आहे. दहा बिया मोजा, ओलसर कागदी रुमालात पसरा, घडी करून झाकणाच्या डब्यात ठेवा, उबदार जागी. आठ-दहा दिवसांनी मोजा. सात-आठ मोडावल्या तर नेहमीसारखं पेरा. चार-पाच असतील तर दुप्पट पेरा. एक-दोनच असतील तर नवीन बी आणा. मोडावलेल्या बियाही वाया जाऊ देऊ नका, त्या तशाच अलगद मातीत ठेवा.

घरात किंवा सावलीत वाढवलेलं रोप एकदम उन्हात ठेवायचं नाही. सावलीतल्या पानावरचं मेणाचं आवरण पातळ असतं, खोडाला वाऱ्याची सवय नसते. पहिल्या दिवशी तासभर, सकाळच्या कोवळ्या उन्हात. दुसऱ्या दिवशी दोन तास. असं वाढवत सात ते दहा दिवसांनी पूर्ण वेळ बाहेर. या दिवसांत पानं थोडी राठ, गडद होतात, तीच खूण. एखाद्या दिवशी फार वारा असेल तर रोप आत ठेवा, त्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करू नका.

पाणी घालण्याआधी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओलसर लागलं तर आज पाणी नाही. नवशिक्यांच्या हातून कोरडेपणानं मरतात त्याहून जास्त रोपं पाण्यानं मरतात, आणि याचं कारण बहुतेक वेळा माया हेच असतं.

सहावी पायरी: माणसं

बाहेर पडण्याची भीती वाटणं यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. कित्येक महिने आपल्याला एकच गोष्ट शिकवली गेली, की माणसाजवळ जाऊ नका. ती शिकवण एका आदेशानं पुसली जात नाही. ती हळूहळू पुसायला पहिली भेट बागेत ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. मोकळ्या हवेत श्वासातले सूक्ष्म कण पांगतात, त्यामुळे बंद खोलीपेक्षा धोका बराच कमी असतो. पण त्याहून मोठी सोय अशी, की दोघांच्या हातांना काम असतं. समोरासमोर बसून "मग, काय म्हणतेस?" यावर दोन वर्षांचं उत्तर द्यावं लागत नाही. एक जण माती भरतो, दुसरा रोप धरतो, आणि बोलणं सुचेल तसं होतं.

एकाच माणसाला बोलवा. वेळ आधीच ठरवा, अर्धा तास. निरोप साधा असू द्या: "रविवारी सकाळी दहाला अर्धा तास ये ना. गुलाबाची कलमं करायचीत, तुलाही दोन देते. बाहेरच बसू." शेवटची दोन वाक्यं विसरू नका, घाबरलेल्या माणसाला त्यांचाच आधार वाटतो. समोरचा मास्क लावून आला तर काही विचारू नका. नाही म्हणाला तर कारण मागू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा विचारा, आणि तोवर कलम त्याच्या दाराशी नेऊन ठेवा.

कुणाच्या घरातलं माणूस या काळात गेलं असेल, आणि त्या माणसानं लावलेली झाडं मागे राहिली असतील, तर तिथे सल्ले घेऊन जाऊ नका. अशा एका घरी मी गेले होते. आईनं लावलेला मोगरा वाळत चालला होता आणि मुलगी त्याला हात लावायला तयार नव्हती, छाटला तर आईचा हात लागलेली फांदी जाईल म्हणून. आम्ही त्या दिवशी काहीच छाटलं नाही. फक्त बुंध्याजवळची एक फांदी वाकवून मातीत दाबली, वर दगड ठेवला. दीड-दोन महिन्यांनी त्या फांदीला मुळं फुटली. तिला दुसऱ्या कुंडीत आईचाच मोगरा मिळाला, तेव्हा जुन्याला कात्री लावायला तिचा हात धजावला. दाब कलम म्हणतात याला. मोगरा, जाई-जुई, बोगनवेल यांना ते चांगलं जमतं, आणि मूळ झाडापासून फांदी न तोडता करता येतं.

एका भेटीची सवय झाली की दोन माणसं, मग रोपवाटिकेत आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी, गर्दी नसताना. मग बंद जागा. प्रत्येक पायरीवर आठ-पंधरा दिवस थांबा. बाहेर पडायच्या नुसत्या विचारानं रात्रीची झोप उडत असेल, किंवा घाबरणं आठवड्यांमागून आठवडे कमी होत नसेल, तर समुपदेशकाची मदत घ्या. खोड आपोआप सरळ होत नसेल तर आपण काठीचा आधार देतोच.

दुसऱ्याकडून आलेलं रोप मात्र लगेच आपल्या झाडांत मिसळू नका. १३७७ मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकनं, साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं थांबायला लावलं होतं. रोपांना दोन-तीन आठवडे पुरतात. वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, पानांची मागची बाजू आणि पानांच्या बेचक्या बघा. कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपून काढा. बारीक जाळी आणि पानांवर फिकट ठिपके असतील तर कोळी नावाची बारीक कीड, तिला पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढा, चार-चार दिवसांनी, निदान तीन वेळा.

सातवी पायरी: वेळ कमी पडणार आहे

काही जणांचं गणित उलटं आहे. निर्बंधांच्या काळात घरी होते म्हणून बाग वाढवली, चाळीस कुंड्या झाल्या, आणि आता कामावर परत जावं लागल्यावर त्या सांभाळणं होत नाही. संध्याकाळी दमून घरी आल्यावर सुकलेली पानं बघून अपराधी वाटतं. हे ओझं वाहायची गरज नाही. किती वेळ देऊ शकता ते आधी ठरवा आणि मग त्यात बसतील तेवढीच झाडं ठेवा. रोज वीस मिनिटं असतील तर माझ्या अनुभवानं बारा-पंधरा कुंड्या सुखानं होतात. बाकीची देऊन टाका. देताना झाडाबरोबर चिठ्ठी द्या: ऊन किती, पाणी कधी, कुठे वाढलं.

उरलेल्यांचं पाणी कमी लागेल असं करा. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या की एकमेकींच्या सावलीत माती सावकाश वाळते. मातीवर दोन बोटं जाडीचा वाळलेल्या पाल्याचा थर घाला, फक्त खोडापासून बोटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड कुजतं. मातीच्या कुंड्या भिंतींतूनही पाणी सोडतात, प्लास्टिकच्या सोडत नाहीत. फार दिवस घर बंद राहणार असेल तर हा फरक मोठा असतो.

आणि चार-पाच दिवस बाहेर जायचं असेल तर वातीची सोय करा. जाड सुती दोरी घ्या, आधी पूर्ण भिजवा. कोरडी दोरी पाणी ओढत नाही. एक टोक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल खोचा, दुसरं पाण्याच्या भांड्याच्या तळापर्यंत सोडा. भांडं कुंडीच्या मातीपेक्षा थोडं उंचावर ठेवलं तर पाणी चांगलं पोहोचतं, पण फार उंच ठेवलं तर कुंडीत चिखल होतो. म्हणून निघायच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका. तीन दिवस आधी लावा, रोज भांड्यातल्या पाण्याच्या पातळीवर पेनानं खूण करा. एका दिवसात किती उतरतं ते कळलं की किती दिवसांचं पाणी भरायचं ते ठरवता येतं. शेजारी किल्ली ठेवणार असाल तर त्यांना "झाडं बघा" एवढंच सांगून जाऊ नका. प्रत्येक कुंडीत एक काडी खोचा आणि काडीवर लिहा: रोज, एक दिवसाआड, किंवा नाहीच.